नॅनोचा वाफा

आमच्याकडं नवीन गोष्टीवर कोणी एकदम विश्वास ठेवत नाही. कांद्याचं नवं बी येऊ द्या, उसाची नवी जात येऊ द्या, माणसं एवढंच म्हणतात, "आधी प्लॉट बघू." प्लॉट म्हणजे शेताच्या कोपऱ्यात ती नवी वस्तू लावायची, शेजारी जुनी लावायची, आणि पीक उभं राहिलं की गाव गोळा करून दोन्ही दाखवायची. जे डोळ्यांना पटेल ते घ्यायचं. भीमेच्या काठावर वडगाव रासाईत आजवर असंच चालत आलंय, आणि कोणाचं फारसं वाटोळं झालेलं नाही.

मी ह्या पद्धतीनं पोरीचं शिक्षण ठरवायला निघालो होतो. हसू नका. तुम्ही तुमच्या पोरांचं कसं ठरवलंत ते मला माहीत आहे. शेजारच्याचा पोरगा कुठं गेला ते बघून.

तर मी संपत. रांजणगावला कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. माल तपासायचा, चांगला असला तर हिरवी पट्टी लावायची, खराब असला तर लाल लावून लाल खोक्यात टाकायचा. लाल पट्टी लावली की प्रॉडक्शनवाले माझ्याकडं असं बघतात, जसं काही मीच तो पार्ट वाकवला. पण मी कोणाच्या बापाला भीत नाही. म्हणूनच एका वर्षी कंपनीनं मला उत्कृष्ट कर्मचारी म्हणून निवडलं, आणि साहेबांच्या हातून ट्रॉफी घेतानाचा माझा फोटो फ्रेम करून दिला. तो आमच्या बाहेरच्या खोलीत, दारातून आत आल्याबरोबर दिसेल असा लावलाय. त्या भिंतीत तो एकच खिळा जातो, बाकी सगळीकडं आत काँक्रीट आहे. हे लक्षात ठेवा, कारण घरात माझ्या मानाची म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

माझी पोरगी धनश्री बारावी झाली. मार्क चांगले पडले. कम्प्युटरला पुण्याजवळ प्रवेश मिळेल, दर रविवारी घरी येईल, असं मी आणि तिच्या आईनं मनात पक्कं केलं होतं. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मला नॅनोटेक्नॉलॉजी करायचंय." आणि जिथं ते शिकवतात त्या विद्यापीठाचं नाव सांगितलं. दौंडहून रात्रभराची रेल्वे, आणि उतरल्यावर पुढं बस.

"त्यात काय असतंय?" मी विचारलं.

"वस्तू फार बारीक केली ना, की ती वेगळी वागायला लागते. सोनं घ्या. खूप बारीक कण केले की सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं."

"लाल सोनं?" तिच्या आईनं गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावला. "सराफानं असं सांगितलं असतं तर मी त्याला चांगला झोडला असता."

"अगं खरंच. कोरोनात नाकात काडी घालून टेस्ट करायचो, तेव्हा पट्टीवर लाल रेघ यायची ना? ती सोन्याच्या कणांची होती."

मग तिची आई हळूच म्हणाली, "म्हणजे सोन्याच्या त्या सगळ्या पट्ट्या आपण घंटागाडीत टाकल्या?"

माझे वडील, ज्ञानूआबा, एवढा वेळ भाकरी कुस्करत होते. आमची मूळची मेंढरांची घरं. आबा तरुणपणी कळप घेऊन पार कोकणात उतरायचे. आता शेतीच करतो, पण शेवटच्या चार मेंढ्या त्यांनी कोणाला विकू दिलेल्या नाहीत. ते म्हणाले, "बारीक झालं की येगळं वागतं, ह्यात नवल काय? कोकरू मेंढीवानी वागतं व्हय? पोरगी बरोबर बोलती. जाऊ दे तिला."

"आबा, रात्रभराचा प्रवास आहे."

"आरं आमी कोकणात चालत जायचो. ही तर बसून जाणार हाय."

हा काही मुद्दा झाला का? पण वडिलांना असं बोलता येत नाही, म्हणून मी ताटावरून उठलो.

मग सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. कंपनीच्या बसमध्ये विषय निघाला तर प्रत्येकानं त्या बंद पडलेल्या छोट्या गाडीचा विनोद केला, आणि प्रत्येकाला तो जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला असं वाटलं. माझा मेव्हणा बिरदेव दौंडला रेल्वेत आहे. तो फोनवर म्हणाला, "दाजी, रेल्वेची परीक्षा द्यायला लावा. नॅनो का फॅनो, त्याला पेन्शन हाय का?" पेन्शन आता रेल्वेतही पहिल्यासारखी राहिलेली नाही, असं मी म्हणालो, तर त्यानं रागानं फोन ठेवला. सोसायटीचे चेअरमन जयसिंगराव रस्त्यात भेटले. त्यांनी मोटारसायकल उभी करून, हेल्मेट न काढता, आतूनच भाषण केलं. मला त्यातलं "पोरीची जात" आणि "काळ बदलला" एवढंच ऐकू आलं, त्यामुळं ते बाजूनं होते की विरोधात हे शेवटपर्यंत कळलं नाही.

खरी ठिणगी टाकली ती सर्जेरावनं. सर्जेरावचं कृषी सेवा केंद्र आहे. मी औषध आणायला गेलो होतो. सगळं ऐकून तो म्हणाला, "नॅनो? मग एवढं काय घाबरताय? आपल्या दुकानात हाय की." आणि त्यानं फळीवरून एक बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. नॅनो युरिया. झाकणभर पाण्यात टाकायचा, पिकावर फवारायचा. गोणी उचलायची गरज नाही, असं त्याचं म्हणणं.

बाटली हातात घेतल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, मग प्लॉटच करू ना! प्रवेशाचे पर्याय भरायच्या तारखेला अजून महिना होता. मेथी महिन्यात तयार होते. एका वाफ्याला गोणीतला युरिया, एकाला नॅनो. नॅनो जिंकला तर पोरगी जाईल, हरला तर कम्प्युटर. मी घरी येऊन हे जाहीर केलं, आणि सर्जेरावनं ते तोवर गावात जाहीर केलेलं होतं.

धनश्रीनं कपाळावर हात मारला. "पप्पा, ही एक बाटली आहे. माझा विषय केवढा मोठा आहे! ही चालली नाही म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि चालली म्हणून खरा पण नाही."

"मी अठरा वर्षं क्वालिटीत आहे," मी म्हणालो. "सँपल बघूनच लॉट पास होतो. तू मला शिकवू नको."

ह्या पोरीला आरडाओरडा करता येत नाही, हा तिचा मोठा दोष आहे. आईवर गेली असती तर मी निदान जोरात बोलून मोकळा झालो असतो. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे. तुमचा शब्द पक्का ना? मग करू. पण नीट करू."

नीट म्हणजे काय, हे मला आधी विचारायला हवं होतं. तिनं दोनाचे तीन वाफे केले. तिसऱ्याला काहीच घालायचं नाही. "काहीच घालायचं नाही तर वाफा कशाला?" मी विचारलं. तर म्हणाली, "नाहीतर मेथी खतानं वाढली का आपली आपण वाढली, कसं कळणार?" तिन्हींना पाणी सारखं, बी सारखं, ऊन सारखं. वाफ्यांवर रंगवलेले दगड ठेवले, एक पिवळा, एक निळा, एक पांढरा, आणि कुठल्यात काय आहे ते कोणाला सांगायचं नाही. मलाही नाही! "तुम्हाला कळलं तर तुमचा डोळा एका बाजूला झुकेल," असं पोरगी बापाला म्हणाली. उत्कृष्ट कर्मचाऱ्याचा डोळा! मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंच नाही, कारण ती वाफ्यात होती.

सगळे उठायच्या आत जाऊन ती फवारून यायची, ज्याला नॅनो नाही त्याला नुसतं पाणी फवारायची, म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही काही कळू नये. मी चोरून दोनदा बघून आलो, मला काही कळलं नाही, आणि मला तिचा अभिमानही वाटला आणि रागही आला.

इकडं प्रकरण वाढत गेलं. सर्जेरावला वाटलं, एवढी फुकटची जाहिरात परत मिळणार नाही. त्यानं रस्त्याला फ्लेक्स लावला. त्यात धनश्रीचा दहावीतला फोटो, बाजूला तिच्यापेक्षा मोठी बाटली, आणि खाली मी, तोंड उघडं, डोळे मिटलेले. हा फोटो त्याला कोणी दिला हे मी अजून शोधतोय. "भव्य शिवार फेरी", असं त्यावर लिहिलं होतं. तीन वाफ्यांची शिवार फेरी! ज्याचं पहिलं पाऊल पडेल त्याची फेरी तिथंच संपत होती.

जयसिंगराव म्हणाले, शिवार फेरी म्हटल्यावर शेतीखात्याचा माणूस पाहिजे. एका साहेबांना बोलावलं. ते येऊन वाफे बघून खिन्न झाले. "एवढासा प्लॉट आमच्यात बसत नाही," म्हणाले. "निदान दहा गुंठे पाहिजेत." जयसिंगरावांनी त्यांना चहा पाजला. दुसऱ्या चहानंतर साहेबांनी तोडगा काढला. वाफ्यांच्या भोवतीची कांद्याची चाळ, विहिरीचा काठ आणि आबांच्या मेंढ्यांची शेड धरून दहा गुंठे भरत होते. त्यामुळं सरकारदरबारी त्या चार मेंढ्यासुद्धा नॅनो प्रयोगाचा भाग झाल्या. धनश्रीनं हे ऐकून फक्त डोळे मिटले.

मेथी वाढत होती. पिवळ्या दगडाची बरी होती. पांढऱ्याची जरा फिकी. निळ्या दगडाची मेथी मात्र काय वर्णावी! काळीभोर हिरवी, पानं रुपयाएवढी. गावातली माणसं जाता-येता थांबायची. "निळा," एवढंच म्हणायची आणि मान हलवायची. माझी झोप उडाली. निळ्यात नॅनो असला तर पोरगी चालली, आणि नसला तर... नसला तर तिचं तोंड कसं होईल, हे माझ्या डोळ्यांपुढं यायला लागलं. तिची आईही वाफ्याकडं बघायची नाही. एकदा मला म्हणाली, "अहो, हरली तर मी सुखानं झोपीन असं वाटलं होतं. आता हरू नये असंच वाटतंय. मला काय झालंय?" तिला काय झालं होतं ते मलाही झालं होतं, पण मी सांगितलं नाही.

शिवार फेरीचा दिवस उजाडला. मांडव, खुर्च्या, स्पीकर. दौंडहून बिरदेव आला, रागावलेला होता पण नवा शर्ट घालून आला. साहेब आले. माझा सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला, कशाबद्दल ते सत्कार करणाऱ्यालाही माहीत नव्हतं. मग माझ्या हातात माईक आला, आणि मी मूर्खासारखा सगळ्यांपुढं परत बोलून गेलो, "नॅनो पुढं असला तर पोरगी नॅनोला जाणार. हा संपतचा शब्द."

जयसिंगराव धनश्रीला म्हणाले, "बोल पोरी, निळ्यात काय हाय?"

ती म्हणाली, "नॅनो."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! सर्जेरावनं बाटलीला हार घातला. बिरदेवनं शिट्टी मारली. तिच्या आईनं पदर डोळ्यांना लावला, आणि आमचे आबा, जे कधी कोणाच्या सत्काराला उभे राहत नाहीत, ते उभे राहून दोन्ही हात वर करून नाचले. मला त्याच वेळी शंका यायला पाहिजे होती. पण मीही माईकवरच टाळ्या वाजवत होतो.

सगळे टाळ्या वाजवत होते, आणि धनश्री एकटीच निळ्या दगडाशी बसली होती. तिनं मेथी बाजूला सारली, बोटानं माती उकरली, काहीतरी उचललं, हुंगलं. मग उठली आणि माझ्या हातातला माईक घेतला.

"हा निकाल धरता येणार नाही," ती म्हणाली. "ह्या वाफ्यात लेंडीखत आहे. बाकीच्या दोन्हींत नाही. मेथी नॅनोनं वाढली का लेंड्यांनी, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. प्रयोग बिघडला."

स्पीकर कर्कश वाजला आणि बंद पडला. मी दातओठ खात कुजबुजलो, "गप बस ना! कोण विचारतंय तुला?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "म्हणूनच सांगितलं." तिचे डोळे भरलेले होते. आपण काय घालवून बसलोय ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मग ती वळली. "आबा?"

आबा आकाशाकडं बघत होते.

"आबा, माझ्याकडं बघा."

"म्या न्हाई," आबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "थोडंसंच." मग सगळंच बाहेर आलं. पहाटे फवारताना पोरीला वाटायचं आपल्याला कोणी बघत नाही. पण पहाटे मेंढ्यांपाशी आबा असतात. त्यांना बाटली कुठं जाती ते पहिल्याच दिवशी दिसलं. मग ते रोज बादलीत लेंड्या भिजवायचे आणि त्याचं पाणी गाळासकट निळ्या वाफ्याला द्यायचे. "नॅनोचं आन् माझं काय भांडाण न्हाई," आबा म्हणाले. "पर त्यो एकटा बिचारा. म्हनलं, जरा हात लावावा. माझ्या नातीचं व्हावं, दुसरं काय?"

सर्जेरावला घाम फुटला. "आहो, लेंडी किती, नॅनो किती, तुम्ही कशाला एवढं मनावर घेताय?" साहेबांनी मध्यम मार्ग सुचवला. "मेंढ्यांची शेड प्लॉटमध्ये धरलेलीच आहे. त्यामुळं तसं बघितलं तर बाहेरचं काही आलेलं नाही." जयसिंगरावांना हे एकदम पटलं. "झालं मग! सरकारच म्हणतंय. पोरगी पास!"

"नाही," धनश्री म्हणाली. "पप्पांचा शब्द नॅनो पुढं असण्याचा होता. नॅनो पुढं आहे हे मला माहीत नाही. मी कम्प्युटरला जाईन."

इथं मला काहीतरी बोलणं भाग होतं. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं, माझ्या अंगावर शाल होती, हातात नारळ होता. मी पोरीकडं पाहिलं. चिखलानं भरलेले हात, त्यात भिजलेली अर्धी लेंडी, सोन्याच्या कणासारखी जपून धरलेली. आयुष्यभर मी दुसऱ्याच्या मालाला लाल पट्टी लावत आलो. कंपनीत आजवर एक माणूस असा बघितला नाही, की ज्यानं आपलाच चांगला दिसणारा माल, टाळ्या चालू असताना, स्वतः उचलून लाल खोक्यात टाकला. आणि हिनं टाकला. माझी पोरगी हिनं. माझ्या छातीत असं भरून आलं, की मला माईक बंद असल्याचं भान राहिलं नाही.

"जाईल ती!" मी ओरडलो. "नॅनोलाच जाईल! मी चुकीचा माल तपासत होतो. वाफा नव्हता तपासायचा. ही तपासायची होती, आणि ती झाली माझी तपासून. कोणाला काही म्हणायचंय?"

फक्त सर्जेराव म्हणाला, "आन् माझ्या फ्लेक्सचं काय?" त्याला जयसिंगरावांनी खाली बसवलं. हेल्मेट नसल्यामुळं ते मला पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आले. ते म्हणाले, "संपत, मी तुला त्या दिवशी रस्त्यात हेच सांगत होतो."

प्रयोग परत करावा असं धनश्रीच्या मनात होतं, पण ते शक्य नव्हतं. आम्ही रडारडीत होतो तोवर पाहुण्यांनी नमुना म्हणून तिन्ही वाफ्यांतली मेथी उपटून पिशव्यांत भरली होती. संध्याकाळी सगळ्या गावात मेथीचीच भाजी होती. लेंडीची चांगली लागते की नॅनोची, ह्यावर गावात अजून दोन गट आहेत.

जायच्या दिवशी दौंड स्टेशनवर बिरदेवनं रेल्वेचा माणूस असल्याच्या तोऱ्यात आम्हाला चुकीच्या फलाटावर नेलं, आणि सामान घेऊन पळता पळता माझी चप्पल तुटली. गाडी सुटताना आबांनी खिडकीतून तिच्या हातात एक पुडी दिली. "लेंडीखत हाय," म्हणाले. "तिथं काय उगवंना झालं तर घाल." मी ती पुडी परत घ्यायला हात पुढं केला. मान म्हणून काही असतं की नाही! पण धनश्रीनं ती पिशवीत खोलवर ठेवली, आणि गाडी निघाल्यावर मला नाही, आईला नाही, आबांनाच आधी हात केला.

काही महिन्यांनी मोबाइलवर एक फोटो आला. तिथं फार मोठी सूक्ष्मदर्शक यंत्रं आहेत म्हणे. पोरांना पहिल्यांदा दाखवतात तेव्हा घरून आणलेलं काहीही ठेवायला सांगतात. कोणी साखर ठेवली, कोणी केस ठेवला. हिनं आबांची लेंडी ठेवली. फोटोत डोंगर दिसतात, दऱ्या दिसतात, वळणावळणाच्या वाटा दिसतात. खाली तिनं लिहिलं होतं, "आबा, तुमचं खत. हजारो पट मोठं केलेलं. मॅडम म्हणाल्या, वर्गातला सगळ्यात सुंदर फोटो."

आबांनी तो शिरूरला नेऊन मोठा करून फ्रेम केला. आल्यागेल्याला बोट लावून दाखवतात, "ह्यो बघा घाट. ह्यो कोकणात उतरायचा रस्ता." माणसं मान डोलावतात. मीही डोलावतो, आणि खरं सांगतो, एकटा असलो की बराच वेळ तो बघत उभा राहतो.

उत्कृष्ट कर्मचाऱ्याचा फोटो सध्या कपाटावर आहे. त्या भिंतीत एकच खिळा जातो.